उन्हाचा हिशेब बिलांमधून

ऑस्ट्रेलियात सर्वाधिक होणारा कर्करोग त्वचेचा. सत्तरी गाठेपर्यंत तिथल्या तिघांपैकी दोघांना तो कधी ना कधी होतो. तरीही त्यातले बहुतांश रुग्ण कर्करोगाच्या सरकारी नोंदणीत सापडत नाहीत. त्वचेच्या कर्करोगाचा मेलॅनोमा हा प्रकार जीवघेणा, म्हणून त्याची नोंद सक्तीची आहे. बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे दोन प्रकार मात्र इतके सर्रास आढळतात, आणि एवढ्या वेळा साध्या दवाखान्यातच कापून काढले जातात, की टास्मानिया सोडलं तर कुठल्या राज्याने ती मोजदाद अंगावर घेतली नाही.

मग आकडा मिळतो कुठून? मेडिकेअरच्या बिलांमधून. १९८४ पासून चालू असलेल्या या सरकारी आरोग्य विम्यात प्रत्येक उपचाराला ठरलेला क्रमांक असतो. नाकावरची गाठ कर्करोगाची म्हणून काढली, तर त्या क्रमांकाचे पैसे मिळण्यासाठी पॅथॉलॉजीचा अहवालही तेच सांगणारा हवा. म्हणून या बिलांवर संशोधक बराच विश्वास ठेवतात. असे उपचार वर्षाला दहा लाखांहून अधिक होतात.

ही उन्हाची जुनी थकबाकी आहे. अतिनील किरण पेशीतल्या डीएनएचे शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवतात. पेशी ते दुरुस्त करते, पण एखादी चूक राहून जाते आणि अशा चुका वर्षानुवर्षं साठतात. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर भाजलेल्या खांद्याचं बिल पन्नाशीत येऊ शकतं.

अर्थात बिलं उपचार मोजतात, माणसं नव्हे. एकाच्याच पाठीवरून चार गाठी निघू शकतात. सरकारी रुग्णालयात मोफत झालेली शस्त्रक्रिया किंवा नुसत्या मलमाने बरा केलेला चट्टा या बिलांमध्ये येत नाही. काढलेली गाठ बेसल सेलची की स्क्वॅमस सेलची, हेही क्रमांकावरून कळत नाही. मला सर्वांत खटकते ती वेगळीच गोष्ट: ज्याच्या गावात डॉक्टरच नाही, त्याचा कर्करोग आकड्यांत उमटतच नाही.

म्हणूनच क्वीन्सलँडमधला ‘क्यूस्किन’ अभ्यास मोलाचा वाटतो. २०१०-११ मध्ये ४० ते ६९ वयाच्या सुमारे ४४ हजार लोकांना त्यांच्या कातडीचा रंग, लहानपणचं उन्हाने भाजणं, अंगावरचे तीळ, सनस्क्रीनची सवय असं सगळं विचारलं गेलं. मग त्यांच्या परवानगीने ही उत्तरं मेडिकेअरच्या नोंदींशी जोडली. त्यामुळे कोणाला धोका जास्त, याचा अंदाज बांधता येऊ लागला.

मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे त्वचेच्या या कर्करोगांचा धोका बराच कमी असतो. डोळ्यांना मात्र सावळ्या कातडीचं हे संरक्षण मिळत नाही. अतिनील किरणांनी मोतीबिंदूला हातभार लागतो, पण तो वयाने, मधुमेहाने, तंबाखूच्या धुरानेही होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या बिलावरून उन्हाचा वाटा वेगळा काढणं त्यामुळे फार अवघड आहे.