वॉटसनव्हिलच्या विरोधामागचा मॉस लँडिंगचा धूर

कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) वॉटसनव्हिल हे स्ट्रॉबेरी आणि सफरचंदांचं, शेतमजुरांचं गाव. इथल्या मिंटो रोडवर, वीज उपकेंद्राजवळ, २०० मेगावॉटचं बॅटरी साठवण केंद्र उभारण्याचा न्यू लीफ एनर्जी या कंपनीचा प्रस्ताव आहे. जागा उपकेंद्राच्या शेजारची का, याचं उत्तर साधं आहे. साठवलेली वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवहनाच्या जाळ्यात, सोडायची तर वाहिन्या जवळ हव्यात, आणि नव्या वाहिन्या टाकायला वर्षं लागतात. प्रस्तावाला गावात कडाडून विरोध आहे. ‘हरित ऊर्जा हवी, पण आमच्या दारात नको’ अशी त्याची टिंगलही होते. ही टिंगल करणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा. इथून दक्षिणेला जेमतेम १२-१५ किलोमीटरवर मॉस लँडिंग आहे, तिथलं असंच बॅटरी केंद्र जानेवारी २०२५ मध्ये पेटलं होतं, आणि या लोकांचं तोंड दुधानं खरोखरच पोळलेलं आहे.

मॉस लँडिंग हे मॉन्टेरे उपसागरावरचं मच्छीमारांचं छोटं गाव. १९५० पासून तिथं वीजकेंद्र आहे. त्याची पाचशे फुटी जुळी धुराडी लांबूनही नजरेत भरतात. जुन्या केंद्राच्या वाहिन्या तयार होत्या, म्हणून व्हिस्ट्रा कंपनीनं तिथल्याच टर्बाइनच्या जुन्या इमारतीत बॅटऱ्या रचल्या. ३०० मेगावॉटचा पहिला टप्पा २०२० च्या अखेरीस सुरू झाला आणि २०२३ पर्यंत एकूण क्षमता ७५० मेगावॉटवर गेली. तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या बॅटरी केंद्रांत त्याची गणना होत होती.

एवढी घाई का, हेही समजून घ्यायला हवं. दुपारी सौरऊर्जा उतू जाते आणि सूर्य मावळला की विजेची मागणी चढते, ही कॅलिफोर्नियाची जुनी अडचण. २०१० साली राज्यानं साठवणुकीचा कायदा केला. २०१३ मध्ये वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगानं त्यांना २०२० पर्यंत १,३२५ मेगावॉट साठवणुकीचं बंधन घातलं. मग ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत राज्यात भारनियमन करावं लागलं आणि सरकारची झोप उडाली. २०१९ मध्ये हजार मेगावॉटही नसलेली साठवण क्षमता २०२४ च्या एप्रिलमध्ये १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली. या बॅटऱ्यांनी संध्याकाळचा ताण सावरला, हे विरोधकही नाकारत नाहीत.

सुरक्षेचे नियम मात्र मागून धापा टाकत आले. एप्रिल २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या सरप्राइज इथं अवघ्या २ मेगावॉटच्या केंद्रात स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. दार उघडताच आत साठलेल्या वायूनं पेट घेतला होता. बॅटरी केंद्रांसाठीची एनएफपीए ८५५ ही अमेरिकी अग्निसुरक्षा नियमावली आली ती त्याच वर्षाच्या उत्तरार्धात. मॉस लँडिंगच्या पहिल्या टप्प्याच्या कराराला सार्वजनिक सेवा आयोगाची मंजुरी मिळाली होती २०१८ मध्ये.

सप्टेंबर २०२१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हिस्ट्राच्या केंद्रात पाणी फवारणारी यंत्रणा सुरू होऊन बॅटऱ्यांचं नुकसान झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्याच पीजी अँड ई कंपनीच्या केंद्रात टेस्लाच्या बॅटऱ्यांचा एक कंटेनर जळाला. पावसाचं पाणी आत शिरल्याचं निष्पन्न झालं. महामार्ग बंद झाला, लोकांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगितलं गेलं. दर वेळी ‘आता सुधारणा केली आहे’ असा निर्वाळा मिळाला.

१६ जानेवारी २०२५ ला दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा आग लागली, ती त्या जुन्या इमारतीतच. सुमारे १,२०० लोकांना घरं सोडावी लागली. लिथियमच्या आगीचा स्वभावच वेगळा. एक सेल तापला की तो शेजारच्याला तापवतो, आणि इथल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलमधून तर ऑक्सिजनही आतूनच सुटतो. जवानांनी आग जळून जाऊ दिली, कारण दुसरा शहाणा मार्ग नव्हता. निम्म्याहून अधिक बॅटऱ्या खाक झाल्या. १८ फेब्रुवारीला त्याच ढिगानं पुन्हा पेट घेतला.

लोकांचा विश्वास उडाला तो खरं तर त्यानंतरच्या दिवसांत. केंद्रीय पर्यावरण संस्थेनं हवेतला हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू मोजला आणि धोका नसल्याचं सांगितलं. दुसरीकडे रहिवासी डोकेदुखी, घशाची जळजळ, तोंडाला येणारी धातूची चव अशा तक्रारी करत होते. दहा-अकरा दिवसांत मॉस लँडिंगच्या सागरी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एल्कहॉर्न स्लू या शेजारच्या खाडीतल्या मातीचे निष्कर्ष जाहीर केले. निकेल, कोबाल्ट, मँगनीज पूर्वीच्या तुलनेत शेकडो पटींनी वाढलेले. या पाणथळीवर आधीपासूनच त्यांचा अभ्यास चालू होता, म्हणून तुलनेला जुनी आकडेवारी हाताशी होती, नाहीतर हे कुणाला कळलंही नसतं. हवा आणि माती, दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे असू शकतात. पण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात दिवसभर वाकून काम करणाऱ्याला मातीचा अहवाल जास्त जवळचा, यात नवल नाही.

नव्या केंद्राच्या बाजूनं दिला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. बंद इमारतीत हजारो बॅटऱ्या रचण्याची पद्धत आता मागे पडली आहे. सुटे कंटेनर, त्यांच्यामध्ये अंतर, आणि तुलनेनं कमी भडकणारं लिथियम-आयर्न-फॉस्फेट रसायन हे आजचं चलन. २०२२ मध्ये टेस्लाचा एकच कंटेनर जळाला, शेजारचे वाचले, हे समर्थक दाखवून देतात. त्या एका कंटेनरपायी महामार्ग बंद ठेवावा लागला, हे विरोधक दाखवतात. मला विचाराल तर तांत्रिक बाजू समर्थकांची बळकट आहे. पण आधीच्या केंद्राबद्दलही असंच छातीठोकपणे सांगितलं गेलं होतं, आणि लोक ते विसरलेले नाहीत.

भांडणाची खरी गाठ आहे ती निर्णय कुणी घ्यायचा इथं. २०२२ च्या एबी २०५ या कायद्यानं मोठ्या साठवण प्रकल्पांना काउंटीला वळसा घालून थेट राज्याच्या ऊर्जा आयोगाकडे परवानगी मागण्याची वाट मोकळी केली. आगीनंतर आठवड्याभरातच या भागाच्या आमदार डॉन ॲडिस यांनी ती वाट बॅटरी केंद्रांसाठी बंद करणारं आणि घरं-शाळांपासून ३,२०० फुटांचं अंतर सक्तीचं करणारं विधेयक मांडलं. सांताक्रूझ काउंटीनं स्वतःची नियमावली करायला घेतली, पण तिची कोंडी उघड आहे. नियम कडक केले तर कंपनी उठून राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, ऊर्जा आयोगाच्या दारात जाणार. सैल ठेवले तर पर्यवेक्षकांना, म्हणजे काउंटीच्या लोकनियुक्त कारभाऱ्यांना, मिंटो रोडच्या लोकांना तोंड द्यावं लागणार.