सुपरमॅन त्या छावणीत जाऊन आला होता

फेब्रुवारी १९४२. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, सैन्यात भरती व्हायला जातो. डोळे तपासताना समोरचा तक्ता वाचायचा असतो, पण उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण नजर भिंतीपलीकडे जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता धडाधड वाचून दाखवतो. शेरा पडतो ४-एफ, म्हणजे सैनिकी सेवेला अपात्र. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत ही गंमत घालण्यामागे एक अडचण होती. दोनच वर्षांपूर्वी ‘लुक’ मासिकात याच सुपरमॅनने हिटलर आणि स्टालिन यांची मानगूट धरून त्यांना जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभं केलं होतं, तेही दोन पानांत. आता अमेरिका स्वतः युद्धात उतरली होती आणि वाचकांचे भाऊ, मुलगे खरोखर मरत होते. त्यांना दोन पानांत युद्ध संपवणारा नायक कसा दाखवणार? म्हणून त्याला घरी बसवलं.

कॅप्टन अमेरिका होण्याआधीचा काडीपैलवान स्टीव्ह रॉजर्ससुद्धा असाच भरतीत नापास झालेला. युद्धकाळातल्या सुपरहीरोंवर फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी हौसेने रचलेल्या कथा, लिहिणाऱ्यांना हा ४-एफचा शिक्का तोंडपाठ असतो. पण त्याच वर्षी आणखी एक शिक्का मारला जात होता, ४-सी. तो बसत होता अमेरिकेतच जन्मलेल्या जपानी वंशाच्या धडधाकट तरुणांवर. अर्थ असा, की हे परके आहेत, सैन्यात नकोत. या तरुणांना आणि त्यांच्या घरच्यांना ज्या छावण्यांत डांबलं, त्यांवरचं सगळं फॅनफिक्शन या दोन शिक्क्यांमधल्या जागेत उभं आहे.

जपानने ७ डिसेंबर १९४१ ला हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी तळावर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली. हुकमात ‘जपानी’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. लष्कराने ठरवलेल्या भागातून लष्कराला वाटेल त्या व्यक्तींना हटवता येईल, एवढंच त्यात आहे. पश्चिम किनाऱ्याचा कारभार पाहणारे जनरल जॉन डीविट यांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. सुमारे १,२०,००० माणसं घराबाहेर काढली गेली आणि त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होती. आठवडाभराची मुदत, दोन हातांत मावेल तेवढं सामान, प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक आणि तो लिहिलेली चिठ्ठी कोटाच्या गुंडीला बांधलेली. लॉस एंजेलिसजवळ सांता अनिता रेसकोर्सवर काही कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. मग वाळवंटात, दलदलीत बांधलेल्या दहा छावण्या: मँझनार, तुली लेक, टोपाझ, हार्ट माउंटन वगैरे.

सरकारी कागदांवर यांचं नाव ‘पुनर्वसन केंद्र’ अशा थाटाचं होतं. मराठीत आपण नजरकैद म्हणतो किंवा आणीबाणीनंतर सवयीचा झालेला ‘स्थानबद्धता’ हा शब्द वापरतो, पण काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे असलेल्या जागेला सरळ कैदच म्हणावं. आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. राजस्थानातल्या देवळी छावणीत १९४१ साली कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण बंदी होते, पुढे इंग्रजांनी तिथे जपानी नागरिक ठेवले आणि १९६२ च्या युद्धात स्वतंत्र भारताने त्याच देवळीत चिनी वंशाच्या भारतीयांना नेऊन टाकलं.

तर सुपरहीरो तेव्हा काय करत होते? फॅनफिक्शनवर नाक मुरडणारे म्हणतात, की या निरागस जुन्या नायकांच्या गळ्यात आजचं राजकारण का बांधता? निरागस? जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक १९४० च्या डिसेंबरात बाजारात आणला, तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती आणि मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणत होता. ते सरळसरळ राजकारण होतं आणि धाडसाचंही होतं. पर्ल हार्बरनंतर मात्र मुखपृष्ठांवरचा रंग बदलला. नाझी खलनायक निदान माणसं दिसत. जपानी मात्र पिवळेजर्द, सुळे बाहेर आलेले, नखं वाढलेले. १९४३ च्या एका मुखपृष्ठावर सुपरमॅन छापखान्याचं यंत्र चालवतोय आणि युद्धरोखे घेऊन जपान्यांना थप्पड लगावा असा मजकूर, जपान्यांसाठीच्या शिवीसकट, छापून काढतोय.

आणि १९४३ च्या उन्हाळ्यात तो थेट छावणीतच गेला. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत क्लार्क आणि त्याची पत्रकार सहकारी लोइस ‘कॅम्प कॅरोक’ नावाच्या काल्पनिक छावणीला भेट देतात. तिथले कैदी पळून जाऊन घातपात करायच्या बेतात असतात आणि सुपरमॅन तो बेत उधळतो. खऱ्या छावण्या चालवणारं सरकारी खातं यावर वैतागलं, कारण नेमक्या त्याच वेळी ते निष्ठावान ठरवलेल्या लोकांना बाहेर नोकऱ्या मिळवून द्यायच्या खटपटीत होतं. तक्रारी झाल्या. शेवटी गोष्ट गुंडाळताना सुपरमॅनच्याच तोंडून, बहुतेक जपानी-अमेरिकन निष्ठावान आहेत, अशी पुस्ती जोडली गेली. तोवर दोन महिने सकाळच्या चहाबरोबर लाखो घरांत उलटंच वाचलं गेलं होतं. प्रत्यक्षात युद्धभर एकाही जपानी-अमेरिकन माणसावर हेरगिरी किंवा घातपाताचा गुन्हा शाबीत झाला नाही.

कुंपणाच्या आतही चित्रकथा निघत होत्या. डिस्नेत काम केलेल्या क्रिस इशी यांनी सांता अनिताच्या बातमीपत्रात ‘लिल नीबो’ नावाचा पोरगा रेखाटायला घेतला आणि पुढे कोलोरॅडोतल्या छावणीत त्याला सोबत नेलं. नीबो म्हणजे ‘निसेई बॉय’. निसेई म्हणजे अमेरिकेत जन्मलेली दुसरी पिढी. कैद्यांना कॅमेरा बाळगायची बंदी होती. मिने ओकुबो यांनी म्हणून सगळं रेखाटून ठेवलं आणि १९४६ साली पुस्तक काढलं, त्याचं नाव त्यांचा कौटुंबिक क्रमांक, ‘सिटिझन १३६६०’. मँझनारमध्ये तोयो मियाताके यांनी भिंग लपवून आत नेलं आणि लाकडाच्या पेटीला बसवून कॅमेरा केला. छावणीतली संडासाची रांग, भिंतीच्या फटीतून येणारी धूळ, भोजनगृहात एकत्र जेवेनाशी झालेली कुटुंबं, हे तपशील आजच्या फॅन लेखकांना असल्या रेखाटनांतून मिळतात.

अधिकृत कॉमिक्समध्ये या छावण्यांचा विषय आला तोही एका जुन्या चाहत्यामुळेच. रॉय थॉमस १९६१ साली जेरी बेल्स यांच्याबरोबर ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचं हौशी नियतकालिक काढत होते. पुढे ते कॅप्टन अमेरिका छापणाऱ्या मार्व्हल कंपनीत संपादक झाले आणि १९७५ पासून ‘इन्व्हेडर्स’मध्ये कॅप्टन अमेरिका आणि मंडळींच्या युद्धकाळातल्या, कधीच न घडलेल्या गोष्टी सांगू लागले. छापलेल्या अंकांमधल्या फटी हुडकायच्या आणि बुजवायच्या. याला फॅनफिक्शन म्हणायचं नाही, कारण पगार मिळतो, इतकाच काय तो फरक! १९७८ च्या अंकांत कॅप्टनचा जखमी साथीदार टोरो याच्यावर शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर साबुकी सापडतो तो छावणीत. त्याची मुलगी ग्वेनी लू हिला शक्ती मिळतात आणि ती ‘गोल्डन गर्ल’ होते. वेळही जुळून आली होती. मँझनार छावणीच्या जागी निघालेली पहिली सामूहिक यात्रा १९६९ ची आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी हुकूम ९०६६ औपचारिकरीत्या रद्द केला तो १९७६ साली. माफी आणि छावण्यांतल्या हयात असलेल्या प्रत्येक कैद्याला २०,००० डॉलर देणारा कायदा १९८८ मध्ये आला.

इंटरनेटवरच्या फॅनफिक्शनला मात्र दार उघडून दिलं एका वाक्याने. २०११ च्या कॅप्टन अमेरिका चित्रपटात कैदेतून सुटलेल्या सैनिकांत एक जपानी चेहरा दिसतो. त्यांच्यातलाच डुगन कुरकुरतो, आता काय सगळ्यांनाच बरोबर घ्यायचं का. तो तरुण गळ्यातला सैनिकी बिल्ला पुढे करून सुनावतो, की मी फ्रेस्नोचा आहे. थिएटरात हशा पिकतो आणि गोष्ट पुढे सरकते. हा जिम मोरिता, मूळचा १९६७ च्या कॉमिकमधला. पण फ्रेस्नो कॅलिफोर्नियात आहे आणि साल १९४३. मग याच्या घरचे कुठे आहेत? चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही. फॅनफिक लिहिणाऱ्यांना तो पहिल्यांदा पडतो. महाभारत कर्णाच्या बाजूने ऐकलेल्या मराठी वाचकाला हा खटाटोप समजावून सांगायला नको.

लिहायला बसलं, की पेच सुरू होतात. पहिला पेच सैन्याचा. निसेईंना अमेरिकी सैन्यात वेगळ्या तुकड्यांत ठेवत. हवाईची १०० वी बटालियन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली, ४४२ वी रेजिमेंट त्यानंतर. मिश्र तुकडीतला जिम आला कुठून, याचं काहीतरी कारण रचावं लागतं. दुसरा पेच जुनाच, ४-एफवाला. कॅप्टनला छावणीचं कळलं तर तो काय करेल? त्याने एका रात्रीत कुंपण उपटून टाकलं, तर फ्रेड कोरेमात्सु यांचं काय करायचं, जे या हकालपट्टीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि डिसेंबर १९४४ मध्ये हरले? छावणीतल्या निष्ठा-प्रश्नावलीच्या २७ आणि २८ क्रमांकांना (सैन्यात जाल का, अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का) ‘नाही, नाही’ लिहून तुली लेकला रवाना झालेल्यांचं काय? ढालवाल्या गोऱ्या नायकाने त्यांना सोडवलं, असं लिहिणं म्हणजे त्यांचा लढा पुन्हा एकदा काढून घेणं. मला तरी त्या कथा बऱ्या वाटतात ज्यांत कॅप्टन फारसं काही करू शकत नाही आणि कथा जिमकडे राहते.

तिसरा पेच पत्त्याचा. मँझनार सगळ्यांना ठाऊक, म्हणून मोरिता कुटुंबाला तिथे नेऊन ठेवायचा मोह होतो. पण फ्रेस्नोच्या जत्रेच्या मैदानावर जमा केलेल्यांपैकी बहुतेकांना रेल्वेने आर्कान्सामधल्या जेरोमला नेलं होतं. हा तपशील पाळणाऱ्या लेखकाच्या हाती मग असं काही लागतं, जे रचून सुचलं नसतं. जेरोम ही दहांपैकी सर्वांत आधी बंद झालेली छावणी. ३० जून १९४४ ला ती रिकामी झाली आणि पुढे तिथे जर्मन युद्धकैदी आणून ठेवले. जिमने युरोपातल्या खंदकातून आईला त्या पत्त्यावर पत्र टाकलं, तर ते पोचायचं जर्मनांच्या बराकीत.