संरक्षित क्षेत्रांचे स्थळविशिष्ट नियम : पुणे परिसर

राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, व्याघ्र प्रकल्प आणि संवर्धन राखीव क्षेत्रे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा देशभर एकच कायदा लागू असला, तरी त्याखेरीज प्रत्येक क्षेत्रापुरते काही वेगळे निर्बंध आणि सवलती ठरवलेल्या असतात. अशा नियमांना स्थळविशिष्ट नियम म्हणता येईल. कायद्याचे कलम सगळीकडे सारखेच असते, परंतु कोणत्या महिन्यात वाट बंद ठेवायची, कोणत्या रस्त्याने गाडी जाऊ द्यायची, कोणाच्या गुरांना आत चरू द्यायचे आणि कोणत्या झाडाच्या फांदीला हात लावायचा नाही, हे त्या जागेचा प्राणी, तिथला ऋतू आणि तिथली माणसे पाहून ठरते. पुणे जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. मात्र भीमाशंकर, ताम्हिणी आणि मयूरेश्वर या तीन अभयारण्यांत डोंगरमाथ्यावरचे सदाहरित जंगल, घाटातले दाट रान आणि पर्जन्यछायेतील गवताळ माळ असे तीन अगदी भिन्न प्रदेश येतात. त्यामुळे एकाच कायद्याची तीन रूपे पाहण्यास हा जिल्हा फार सोयीचा आहे.

प्रवेश आणि परवाना. अभयारण्यात कोणी जावे हे कायद्याच्या कलम २७ मध्ये सांगितले आहे. कामावरील सरकारी नोकर, मुख्य वन्यजीव रक्षकाने राहण्याची परवानगी दिलेली व्यक्ती, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू आणि यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय एवढ्यांनाच परवान्याशिवाय प्रवेश आहे. बाकी सर्वांना कलम २८ खालील परवाना लागतो. तो वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्या व्यक्तीशी असलेला कायदेशीर व्यवहार अशा ठराविक कारणांसाठीच मिळतो. परवान्याला शुल्क आणि अटी जोडण्याची मुभा याच कलमात आहे, आणि स्थळविशिष्ट नियमांचा मोठा भाग या अटींमधूनच जन्माला येतो. नाक्यावर मिळणारी पावती पुष्कळांना निव्वळ तिकीट वाटते. प्रत्यक्षात ती अटींसह दिलेली परवानगी असते, आणि अट मोडली की परवानगीचा आधार उरत नाही.

वाटसरूला दिलेल्या सवलतीची मर्यादा ताम्हिणीत स्पष्ट दिसते. २०१३ साली अधिसूचित झालेल्या सुमारे ४९.६२ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याच्या परिसरातून पुण्याहून माणगावकडे जाणारा घाटरस्ता जातो, आणि पावसाळ्यातल्या रविवारी पौड ओलांडून शेकडो गाड्या या रस्त्याला लागतात. अभयारण्याच्या हद्दीतून गाडी न थांबवता पलीकडे जाणाऱ्यास कोणाची परवानगी लागत नाही. मात्र गाडी कडेला लावून, कठडा ओलांडून, ओढ्याच्या कडेने धबधब्याच्या कुंडाकडे उतरू लागले की तोच प्रवासी वाटसरू राहत नाही. दहा पावलांच्या अंतरात त्याची कायद्यातली ओळख बदलते. घाटात झालेल्या बुडण्याच्या दुर्घटनांनंतर प्लस व्हॅली, अंधारबन यांसारख्या वाटा ऐन पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघू लागले आहेत. हे आदेश माणसांच्या जिवासाठी असले, तरी पावसाळा हा बेडकांच्या विणीचा आणि अल्पायुषी रानफुलांचा हंगाम असल्याने वाट बंद राहण्याचा लाभ जंगलालाही होतो.

प्राण्याला डिवचणे आणि अभयारण्याच्या जमिनीवर कचरा टाकणे या दोन्ही गोष्टींना कलम २७ मध्येच मनाई आहे. वेफर्सचे रिकामे पाकीट फेकणे हा सभ्यतेचा भंग आहेच, शिवाय तो या कायद्याचाही भंग आहे, हे नाक्यावरच्या फलकावर अधिक ठळकपणे लिहिले जायला हवे. आत राहणाऱ्यांवर तर कायद्याने कर्तव्येही सोपवली आहेत : गुन्हा घडू न देणे, मेलेल्या वन्यप्राण्याची खबर देणे आणि वणवा लागल्यास तो विझवण्यास मदत करणे.

भीमाशंकर. आंबेगाव आणि खेड तालुक्यांबरोबर रायगड व ठाणे जिल्ह्यांतही पसरलेले हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. येथील नियम समजण्यासाठी आधी शेकरू समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. पाठ तांबूस, पोट फिकट आणि झुपकेदार लांब शेपूट असा हा प्राणी एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत फिरतो, आणि उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या व पानांची गोलसर घरटी बांधतो. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. त्यामुळे त्याच्या दृष्टीने जंगल म्हणजे सलग छत. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी आलेल्या फांद्या वाहतुकीच्या सोयीसाठी छाटल्या, तर एकही झाड न पाडता शेकरूची वाट तुटते. फांदीतोडीला किंवा रस्तारुंदीला येथे इतक्या काटेकोर परवानग्या का लागतात, याचे उत्तर मान वर करून त्या छताकडे पाहिले की मिळते.

या रानाला धर्माचे संरक्षण कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असून भोवतालच्या गावांनी देवराया राखल्या आहेत. आहुपे परिसरातील देवराई अभ्यासकांच्या परिचयाची आहे. पुण्यातील माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, तेव्हा देवाच्या नावाने चालणारी तोडबंदी ही निसर्गरक्षणाची जुनी व्यवस्थाच असल्याचे विद्वत्जगतापुढे आले. देवराईत वाळलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक काही ठिकाणी असतो. आजच्या कोणत्याही अधिसूचनेपेक्षा तो कडक आहे आणि पहारेकऱ्याशिवाय पाळला गेला आहे.

याच डोंगरात महादेव कोळी समाजाचे हिरड्यावर पोट आहे. कोवळा हिरडा गोळा करून, वाळवून विकणे हे अनेक घरांचे वर्षाचे मोठे रोख उत्पन्न असते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून मेलेली, वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढून नेण्यास मनाई केली. पुढे वन हक्क कायदा, २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा आदिवासींचा हक्क मान्य केला. हे दोन्ही एकाच डोंगराला लागू होतात, आणि हिरड्याची पाटी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाईला त्यांतला कोणता कधी लागू, हे सांगणारा माणूस गावात दर वेळी असतोच असे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्याचा कारभार मंजूर व्यवस्थापन आराखड्यानुसारच चालवणे बंधनकारक केले, आणि जेथे अनुसूचित क्षेत्र आहे किंवा वन हक्क कायदा लागू होतो तेथे हा आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून तयार करण्याची अट घातली. स्थळविशिष्ट नियमांच्या इतिहासात ही अट सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे, कारण नियम करणारा आणि नियम सोसणारा यांची गाठ ती कागदावर घालून देते.

यात्रेकरूंची गर्दी हा येथील वेगळा प्रश्न आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणातील सोमवारी मंदिराकडे लोटणारा समुदाय पर्यटनाच्या परवान्याच्या चौकटीत बसवता येत नाही. त्यामुळे निर्बंध येतात ते वाहनतळ, प्लास्टिक आणि मंदिराच्या वाटेबाहेर रानात शिरणे यांवर. पावसाळ्यात कोंढवळ धबधब्यासारख्या ठिकाणी जाण्यास अलीकडच्या वर्षांत बंदी घालण्यात आली आहे. वळिवाच्या पावसानंतर काही आठवडे येथे आणि शेजारच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे लुकलुकतात. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीमधला संकेत असतो आणि गाडीचा दिवा किंवा मोबाइलची बॅटरी पडली की तो संकेत हरवतो. म्हणून या काळात रात्रीच्या प्रवेशावर आणि वाहनांवर वेळेची बंधने घातली जातात.

मयूरेश्वर आणि चराईचा प्रश्न. बारामती तालुक्यातील सुपे गावाजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली अस्तित्वात आले. मोरगावच्या गणपतीवरून त्याला हे नाव मिळाले आहे. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे सकाळच्या फेरीत पायाखाली घालता येईल एवढे. परंतु चिंकारा पाहण्यासाठी पुण्याजवळ याहून चांगली जागा नाही. येथे झाडांइतकीच किंमत गवताला आहे. हिवाळ्यात गवत वाळले की विडीच्या एका थोटकाने सगळा माळ पेटू शकतो. त्यामुळे आग लावण्यास मनाई करणारे कलम ३० येथे सर्वांत जिव्हाळ्याचे ठरते, आणि वनरक्षक उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत नसलेले मोकळे पट्टे, काढून माळाचे तुकडे पाडतात. अभयारण्य इतके लहान असल्याने चिंकारा कुंपण नसलेल्या बाजूने भोवतालच्या शेतांत जातो, आणि हद्दीच्या दगडापलीकडे परवान्याच्या अटी संपल्या तरी शिकारबंदी त्याच्याबरोबर चालत जाते.

चराईबाबत कायद्याने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत मूलभूत भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या नियंत्रणाखाली चराईला वाव राहू शकतो. हा भेद किती खोल आहे, ते राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दिसले. १९८२ साली तेथे म्हशींची चराई बंद झाली, गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की, म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. पुणे, सातारा, सोलापूरच्या माळांवर मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरांविषयी निर्णय घेताना हा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. अतिचराईने माळ उजाड होतो हे खरेच. पण चराई पूर्ण थांबली की माळ जसा होता तसा राहतो, असे गृहीत धरता येत नाही.

हद्द आणि हक्क. अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर वारसाहक्क वगळता त्या जमिनीवर नवा हक्क निर्माण होत नाही, असे कलम २० सांगते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्यात याचा परिणाम लोकांनी अनेक वर्षे भोगला. १९७९ साली या अभयारण्याची हद्द तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर आखली गेली आणि तिच्यात शेते, गावे, वस्त्या सरसकट आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, आणि ज्या पक्ष्यासाठी हे केले त्याच्याविषयीच रोष वाढला. नंतर हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली, तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. हद्द कागदावर मोठी ठेवून गवताळ माळ वाचत नाही, हे येथे फार महाग किंमत देऊन कळले.

हद्दीबाहेरच्या पट्ट्याला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करतात. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा किमान १ किलोमीटरचा पट्टा सर्वत्र असावा असे म्हटले होते. २६ एप्रिल २०२३ रोजी त्यात बदल करून प्रत्येक क्षेत्राची गरज पाहून पट्टा ठरवण्यास वाव दिला गेला.

व्याघ्र प्रकल्पांत गाभा (आतला, अधिक जपलेला भाग) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) अशी विभागणी असते. चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी प्रकल्पात गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असते आणि तेथील सफारीत मोबाइल नेता येत नाही. पुण्याला जवळचा व्याघ्र प्रकल्प म्हणजे कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेला सह्याद्री प्रकल्प होय.

अभयारण्यातील किंवा राष्ट्रीय उद्यानातील शिकारीस ३ ते ७ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. परवान्याच्या अटी मोडण्यासारख्या इतर गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अधिसूचनेबाहेरची ठिकाणे. पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात, परंतु ते या कायद्याखाली अधिसूचित अभयारण्य नाही. नावाने संरक्षण मिळत नाही, हे तेथील भराव आणि राडारोडा पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनविभागाने २०२४ साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ती अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीवर. लांडगे, खोकड, तरस पाहण्यासाठी बेफाम गाड्या हाकणाऱ्यांना आवर घालण्यासाठी तेथे ठरलेले मार्ग आणि स्थानिक मार्गदर्शक यांची शिस्त लावली गेली. उजनी धरणाच्या फुगवट्यावरील भिगवण, कुंभारगाव येथे रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात पुण्याहून माणसे जातात. तेथील नावाडी बहुतेक मच्छीमार कुटुंबांतले आहेत. थवा दिसला की जाणता नावाडी लांबूनच इंजिन बंद करतो, बांबू पाण्यात रोवून नाव हळूहळू पुढे सरकवतो, आणि पक्ष्यांनी माना एकदम वर केल्या की आणखी जवळ नेण्याचा आग्रह कोणी कितीही केला तरी तिथेच थांबतो.