एक्स८७० आणि एक्स८७०ई: त्या एका ‘ई’ने काय बदलतं?

गेमिंगचा पीसी नव्याने बांधायचा ठरवून एएम५ सॉकेटचे (एएमडीचे रायझन प्रोसेसर ज्यात बसतात ते) वरच्या श्रेणीतले मदरबोर्ड बघायला बसलं, की पहिला घोळ नावांचाच होतो. एकावर एक्स८७० लिहिलेलं, दुसऱ्यावर एक्स८७०ई. दोन्ही प्रकारचे बोर्ड २०२४च्या सप्टेंबरअखेर बाजारात आले. दोन्हींवर तेच रायझन प्रोसेसर बसतात आणि तीच डीडीआर५ रॅम लागते. मग ‘ई’वाला जरा वेगवान असणार, असं आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो.

तसं नाही. ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन (डेटा ये-जा करायच्या मार्गिका) थेट प्रोसेसरमधून निघतात; चिपसेट, म्हणजे बोर्डावरची बाकीची जोडणी सांभाळणारा भाग, त्यांच्या वाटेत येतच नाही. रॅमचा कंट्रोलरही प्रोसेसरमध्येच असतो. त्यामुळे तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड या दोन बोर्डांवर लावलं, तर ‘ई’मुळे फ्रेमरेट वाढत नाही.

खरा फरक मोजायला सोपा आहे. एक्स८७०मध्ये चिपसेटची एक चिप असते, एक्स८७०ईमध्ये तशाच दोन, एकीच्या शेपटाला दुसरी जोडलेली. दुसऱ्या चिपमुळे यूएसबी, साटा (जुन्या पद्धतीच्या डिस्कची जोडणी) आणि जादा एम.२ (एसएसडीच्या) स्लॉटसाठी लेन मिळतात. पण या सगळ्यांना प्रोसेसरकडे नेणारा रस्ता मात्र पूर्वीइतकाच रुंद: पीसीआयई (या लेनचं मानक) ४.०च्या ४ लेन, म्हणजे सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट. गावात घरं वाढली, नदीवरचा पूल तोच राहिला.

(नावं ठेवणाऱ्यांनी इथे आणखी एक गंमत करून ठेवली आहे. आधीच्या पिढीतल्या साध्या एक्स६७०मध्येही दोन चिप होत्या. म्हणजे एक्स६७०वरून एक्स८७०वर गेलात, तर आकडा चढतो आणि एक चिप कमी होते!)

आता लेनचा हिशोब, कारण खरी मेख इथे आहे. रायझन ७००० आणि ९००० मालिकांच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये पीसीआयई ५.०च्या २८ लेन असतात. चार चिपसेटकडे जातात, उरल्या २४. त्यांतल्या १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ला. राहिल्या चार. एक्स८७० असो वा एक्स८७०ई, यूएसबी४ दोन्हींवर सक्तीचं आहे आणि त्याचा कंट्रोलर सहसा याच चार लेनवर बसवतात. मग जाहिरातीतला दुसरा पाचव्या पिढीचा (पीसीआयई ५.०चा) एम.२ स्लॉट येतो कुठून? काही बोर्डांवर तो यूएसबी४शी लेन वाटून घेतो. काहींवर चक्क ग्राफिक्स कार्डाच्या वाट्यातून घेतो: तिथे एसएसडी लावली की कार्ड १६वरून ८ लेनवर येतं. आणि हे ‘ई’ असलेल्या महागड्या बोर्डांवरही घडतं.

कार्ड पीसीआयई ५.०चं असेल, तर ८ लेन म्हणजे चौथ्या पिढीच्या १६ लेनइतकीच क्षमता, त्यामुळे गेममध्ये फारसं जाणवत नाही. पण जुनं ४.०चं कार्ड नव्या बोर्डावर आणणार असाल, तर त्याला ४.०च्याच ८ लेन मिळतील. तो स्लॉट मोकळा ठेवलेला बरा.

व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) फेजांची मोजदाद मला तरी बरीचशी दिखाऊ वाटते. रायझनचा ९८००एक्स३डी प्रोसेसर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त १६२ वॅट घेतो आणि या श्रेणीतला कुठलाही बरा बोर्ड तेवढं सहज पेलतो. त्याहून जास्त वीज घेणारा ९९५०एक्स तासन्‌तास पूर्ण ताणावर चालवणार असाल, तर हीटसिंक जरूर बघा. रॅमच्या दोनच पट्ट्या घ्या: ९००० मालिकेसाठी अधिकृत वेग दोन पट्ट्यांना डीडीआर५-५६००, तर चार लावल्या की ३६००. त्यात ‘ई’ काही मदत करू शकत नाही.

तीन-चार एनव्हीएमई एसएसडी, कॅप्चर कार्ड, वर वेगवान नेटवर्क कार्ड असा संसार असेल, तर एक्स८७०ई घ्यावा. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी एवढाच पसारा असेल, तर मी साधा एक्स८७० घेईन आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालीन. दोन्हीपैकी काहीही घ्या, आधी त्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड करून एम.२ स्लॉटचं पान उघडा. कुठला स्लॉट भरला की काय बंद पडतं किंवा अर्ध्यावर येतं, हे तिथे तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं.