नॉक आणि लीन मिश्रण: इंधन वाढवल्यावर आवाज थांबला, तरी निदान बाकीच असते

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये वरच्या गिअरमध्ये जोर देताना इंजिनातून टणटण असा धातूवर घाव घातल्यासारखा आवाज, म्हणजे नॉक, येऊ लागला की, बहुतेक मालक आणि पुष्कळसे मेकॅनिकही ताबडतोब मिश्रण लीन झाल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचे ठरवतात. मग हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (इंधन सोडणारे छिद्र) घातला जातो किंवा त्याचा नट फिरवून इंधन वाढवले जाते, आवाज थांबतो आणि निदान अचूक होते असे सर्वांना वाटते. हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की, तो एकदा नीट सोडवून मांडणे मला आवश्यक वाटते, कारण या चुकीने चांगली इंजिने खराब होतात.

लीन मिश्रण म्हणजे काय, हे वाचकांना ठाऊकच आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग वजनाने पूर्ण ज्वलनासाठी लागतात, आणि पूर्ण जोरासाठी हे प्रमाण 12.5 ते 13 च्या आसपास ठेवावे लागते. मिश्रण त्याहून बरेच लीन असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते, कार्बोरेटरमधून फटका येतो, एकसारख्या वेगात गचके बसतात आणि इंजिन मिसिंग मारते. यांपैकी एकही लक्षण नॉकचे नाही.

नॉक स्पार्क पडल्यानंतर होतो. ज्योत प्लगपासून पसरत असताना सिलिंडरच्या कडेला उरलेले, अजून न जळलेले मिश्रण दाब आणि उष्णता असह्य होऊन एकदम आपोआप पेटते, आणि त्या दाबलहरींचा आवाज आपल्याला ऐकू येतो. त्याची कारणे अनेक असतात: टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) गरजेपेक्षा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे लवकर असणे, कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधल्या दाबाच्या) मानाने पेट्रोलचा ऑक्टेन (नॉक रोखण्याची क्षमता) कमी असणे, ज्वलनकक्षात कार्बन साचणे, इंजिन फार तापणे, आणि हो, पूर्ण जोराच्या वेळी मिश्रण काहीसे लीन असणे. चावी बंद केल्यावरही इंजिन गचके देत फिरत राहते तो प्रकार वेगळा आहे, आणि टॅपेटचा आवाज तर जोर नसतानाही वेगाबरोबर चालू राहतो. या दोहोंची नॉकशी गल्लत करू नये.

खरी फसगत पुढे होते. जास्तीचे पेट्रोल बाष्प होताना आतली उष्णता शोषून घेते, त्यामुळे मिश्रण रिच केले, म्हणजे पेट्रोल वाढवले की नॉक कोणत्याही कारणाने होत असला तरी दबतो. टायमिंग मागे घेतले, म्हणजे स्पार्क उशिरा पाडला, तरी तो तसाच दबतो, मग मूळ दोष मिश्रणात का असेना. दोन्ही उपाय दोन्ही कारणांवर चालतात, म्हणून आवाज थांबला या एवढ्या गोष्टीवरून कारण कोणते ते कळतच नाही. टायमिंगचा दोष इंधन ओतून झाकला, तर सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुतले जाते, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळते आणि कार्बनचा थर वाढतो. तो थर कॉम्प्रेशन वाढवून काही काळाने नॉक परत आणतो. उलट, लीन मिश्रणाचा दोष टायमिंग मागे घेऊन झाकला, तर ज्वलन उशिरा संपते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची पाळी येते.

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हे या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. दहा टक्के इथेनॉलमुळे जुन्या कार्बोरेटरवरचे मिश्रण सुमारे चार टक्के लीन होते, परंतु इथेनॉलची नॉक रोखण्याची क्षमता चांगली असते. त्यामुळे गाडी अडखळू लागते आणि तरीही नॉक वाढत नाही, असे सहज घडू शकते.

मग ओळखायचे कसे? आवाजाबरोबर गाडीची ओढ तपासावी. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, समजा 2000 ते 4000 आरपीएम जाण्यास किती वेळ लागतो, तो सोबत बसलेल्या माणसाला स्टॉपवॉचने मोजू द्यावा. इंधन वाढवल्यावर आवाज गेला आणि ओढही वाढली, तर मिश्रण खरोखर लीन होते. आवाज गेला पण ओढ तशीच राहिली किंवा मंदावली, तर संशय टायमिंगवर घ्यावा. टायमिंग तीन-चार अंश मागे घेऊनही ओढ कमी झाली नाही, तर तो संशय जवळजवळ पक्का होतो.

माझा आग्रह असा की, टायमिंग आधी तपासावे आणि कार्बोरेटरला नंतर हात लावावा. आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) टायमिंग बघून समाधान मानण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. वेगाबरोबर स्पार्क लवकर आणणाऱ्या, डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणाऱ्या भागातल्या) वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या की आयडलचा आकडा बरोबर असतो, पण अ‍ॅडव्हान्स फार लवकर येतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून, तिचे तोंड बंद करून, 3000 आरपीएमच्या वर टायमिंग लाइटने एकूण अ‍ॅडव्हान्स मोजावा. क्रँकच्या पुलीची बाहेरची कडी रबरावरून सरकली असेल, तर तिच्यावरची टायमिंगची खूणच खोटी ठरते. पहिल्या सिलिंडरचा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) पिस्टन स्टॉपने, म्हणजे पिस्टन अडवणाऱ्या साधनाने पडताळल्याशिवाय त्या खुणेवर विश्वास ठेवू नये.

मिश्रणासाठी, दोन एसयू (ब्रिटिश बनावटीचे) कार्बोरेटर असलेल्या गाडीत आयडलवर एका कार्बोरेटरच्या आतला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) जेमतेम मिलीमीटरभर उचलावा. इंजिनाचा वेग वाढून टिकला तर मिश्रण रिच आहे, किंचित वाढून स्थिरावला तर योग्य आहे, आणि इंजिन बंद पडू लागले तर लीन आहे. मग दुसऱ्यावर तेच करावे. ही कसोटी आयडलचीच असते. पूर्ण जोराला मिश्रण जेटमध्ये वरखाली होणाऱ्या नीडलच्या (सुईच्या) आकारावर ठरते, आणि नीडल चुकीची असेल तर नट फिरवून सगळीच श्रेणी बिघडवली जाते. आयडलवर घरी आणलेल्या गाडीच्या प्लगचा रंग पाहून जोराच्या मिश्रणाचा निर्णय घेणे मला निरर्थक वाटते. मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर एक्झॉस्टला लावला तरी लक्षात ठेवावे की तो ऑक्सिजन मोजतो. एखादे सिलिंडर मिसिंग मारत असेल किंवा एक्झॉस्टला गळती असेल, तर पुरेसे इंधन असूनही तो लीन दाखवतो.

टायमिंग आणि मिश्रण दोन्ही बरोबर असूनही नॉक उरला, तर ऑक्टेन वाढवण्याच्या बाटल्या विकत घेण्यापेक्षा आधी कॉम्प्रेशन मोजावे, ज्वलनकक्षातला कार्बन काढावा आणि थर्मोस्टॅट व रेडिएटर तपासावेत. यातून काही निघाले नाही, तरच जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलकडे वळावे.