गाडी थांबत नाही असे फलाट

भुयारी रेल्वेने जाताना दोन स्थानकांच्या मध्ये कधी कधी चाकांचा आवाज एकाएकी मोकळा होतो. काचेला डोके टेकवून बाहेर पाहिले तर बोगद्याच्या गोल कड्यांऐवजी विटांची सरळ भिंत दिसते, क्वचित जुन्या टाइल्सचा पट्टा चमकून जातो, आणि सहा-सात सेकंदांत पुन्हा बोगदा सुरू होतो. तिथे एके काळी गाडी थांबत असे. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशा जुन्या भुयारी मार्गांवर या जागा बऱ्याच आहेत.

फलाट बंद पडायचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे शेजार. लंडनचे सुरुवातीचे खोल बोगदे वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी खोदले आणि प्रत्येकीने आपल्या सोयीने स्थानके बसवली. ब्रिटिश म्युझियम हे 1900 चे स्थानक आणि दुसऱ्या कंपनीचे 1906 चे होबर्न ही दोन्ही अगदी हाकेच्या अंतरावर होती, तरी गाडी बदलायला जिने चढून रस्त्यावर यावे लागे. शेवटी होबर्नलाच ब्रिटिश म्युझियमच्या मार्गासाठी, म्हणजे सेंट्रल लाइनसाठी, नवे फलाट बांधले आणि 24 सप्टेंबर 1933 नंतर ब्रिटिश म्युझियमला गाडी थांबली नाही.

एक थांबा कमी केल्याने किती वाचते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गाडी ताशी 60 किलोमीटरने येते आहे आणि तिचा वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो, असे धरू. थांबायला साधारण 17 सेकंद आणि 140 मीटर लागतात, पुन्हा वेग घ्यायलाही तितकेच. हेच 280 मीटर न थांबता 17 सेकंदांत संपले असते. म्हणजे थांबण्या-निघण्यातच 17 सेकंद जास्त गेले, दारे उघडी राहण्याचे 30 धरले तर 47. जाऊन-येऊन दीड मिनिट. असे चार थांबे गाळले तर प्रत्येक फेरी सहा मिनिटे लवकर आटोपते, आणि दर दोन मिनिटांनी गाडी सोडणाऱ्या मार्गावर तेवढीच सेवा तीन गाड्या कमी वापरून देता येते. रोज जेमतेम काहीशे माणसे चढणाऱ्या स्थानकाचा या आकड्यांपुढे टिकाव लागणे अवघड असते.

दुसरे कारण लांबीचे. गाडीला डबे वाढवले की फलाटही वाढवावा लागतो, आणि जमिनीखाली ते काम म्हणजे गाड्या चालू ठेवून, रात्रीच्या तीन-चार तासांत, बोगद्याचे अस्तर काढत रुंदी वाढवत जाणे. माद्रिदच्या पहिल्या मार्गावर 1960 च्या दशकात फलाट 60 मीटरवरून 90 मीटर करायचे ठरले. चांबेरी हे 1919 चे स्थानक वळणावर होते आणि दोन्ही बाजूंची स्थानके जवळ होती, म्हणून ते वाढवण्याऐवजी 1966 मध्ये बंद केले. न्यूयॉर्कमध्ये 18व्या रस्त्याचे स्थानक 1948 मध्ये गेले, कारण शेजारच्या 23व्या रस्त्याचा फलाट लांबवून त्याचे नवे दार 22व्या रस्त्यावर निघाले. मधले स्थानक शेजाऱ्याच्या वाढीनेच गिळले.

वळणाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण फलाट वळणावर आहे म्हणजे नेमके काय बिघडते, हे सहसा कोणी सांगत नाही. डबा सरळ असतो, तो वाकत नाही. 20 मीटर लांबीचा डबा घ्या, त्याच्या चाकांच्या दोन संचांमध्ये 14 मीटर अंतर आहे आणि वळणाची त्रिज्या 100 मीटर आहे. चाके रुळांवरच राहतात, पण डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सुमारे 25 सेंटीमीटर सरकतो आणि दोन्ही टोके तितकीच बाहेर फेकली जातात. फलाट वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर टोके घासू नयेत म्हणून त्याची कड 25 सेंटीमीटर मागे घ्यावी लागते. मग मधल्या दारापुढची फट नेहमीपेक्षा जवळजवळ अर्ध्या मीटरने वाढते. लहान मूल सरळ खाली जाईल एवढी ती होते. फलाट आतल्या बाजूला असेल तर हाच धोका टोकाच्या दारांशी येतो. जुन्या डब्यांना दारे फक्त टोकांना होती, तेव्हा बाहेरच्या बाजूचे फलाट चालून जात. मधली दारे आली आणि अडचण झाली.

न्यूयॉर्कचे सिटी हॉल स्थानक याच कारणाने गेले. 27 ऑक्टोबर 1904 ला तिथली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा टाइल्सच्या कमानी आणि रंगीत काचांची छते असलेले हे स्थानक तिची शान होते. पण ते घट्ट वळणावर होते, पुढचे स्थानक चालत जाण्याइतके जवळ, आणि अखेरीस रोजचे प्रवासी सुमारे 600. 31 डिसेंबर 1945 ला ते बंद झाले. रूळ मात्र राहिले: सहा क्रमांकाच्या गाड्या आजही प्रवासी उतरवून त्याच वळशातून माघारी फिरतात.

कधी फक्त यंत्र जुने होते. लंडनच्या ऑल्डविच स्थानकात 1907 च्या मूळ लिफ्टच चालू होत्या. त्या बदलायला 30 लाख पौंड लागणार होते आणि प्रवासी रोजचे साडेचारशे. 30 सप्टेंबर 1994 ला शेवटची गाडी गेली. साउथ केंटिश टाउन 1924 मध्ये वीजकेंद्रातल्या संपामुळे बंद झाले. संप मिटला, पण एवढ्या थोड्या प्रवाशांसाठी ते पुन्हा कोणी उघडले नाही.

दारावर कुलूप लागले म्हणून आतले काम थांबत नाही. बोगदा चालू आहे, म्हणून तिथले पाणीही उपसावे लागते. पंप बंद पडला तर झिरपलेले पाणी रुळांवर येते आणि सिग्नल बिघडतात. फलाटाची कड बहुतेक वेळा तोडून टाकतात किंवा कडेने विटांची भिंत उभारतात, म्हणजे मागच्या जागेत काम करणारा माणूस आणि धावती गाडी यांच्यात काहीतरी आड येते. त्या भिंतीतही जाळ्या ठेवाव्या लागतात. अरुंद बोगद्यात गाडी दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते; त्या हवेला बाजूला सुटायला वाट मिळाली तर पुढच्या स्थानकात वारा कमी घोंगावतो आणि गाडीला जोरही कमी लागतो. लिफ्ट काढलेली जुनी विहीर या कामाला फार उपयोगी पडते. तिथे पंखा बसवला की बोगद्यातली गरम हवा वर काढता येते. शेजारचा गोल जिना तसाच ठेवतात, कारण बोगद्यात गाडी अडकली किंवा धूर झाला तर प्रवाशांना बाहेर काढायची ती सर्वांत जवळची वाट असते. म्हणून अशा जिन्यावरचे दिवे आणि दाराची कडी वर्षानुवर्षे तपासली जाते. रस्त्यावरची इमारत मात्र अनेकदा विकली किंवा भाड्याने दिली जाते, आणि आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला मागच्या कुलूपबंद दारापलीकडे काय आहे याचा पत्ता नसतो.

लंडनचे डाउन स्ट्रीट स्थानक 1932 मध्ये बंद झाले आणि दुसऱ्या महायुद्धात देशभरच्या रेल्वेचा कारभार तिथून चालला. फलाटांवर भिंती घालून आत खोल्या, टेलिफोन केंद्र, झोपायच्या जागा केल्या; चर्चिलही काही काळ तिथे राहिले. बाहेरून गाड्या धडाडत जात होत्या, म्हणून फलाटाचा एक आखूड तुकडा शाबूत ठेवला होता. तिथे गाडी थांबवून अधिकारी चालकाच्या खोलीतून ये-जा करत. ऑल्डविचमध्ये त्याच युद्धात ब्रिटिश म्युझियम या संग्रहालयातली, पार्थेनॉन या ग्रीक मंदिराची शिल्पे सुरक्षित ठेवली होती.

शांततेच्या काळात चित्रीकरणाला हे फलाट लागतात, कारण तिथे गर्दी थांबवावी लागत नाही. पॅरिसच्या पोर्त दे लिला इथल्या बंद फलाटावर हव्या त्या स्थानकाच्या नावाची पाटी लावून चित्रीकरण होते. पॅरिसचेच आर्सेनाल कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला वापरले गेले. टोरोंटोचे लोअर बे 1966 मध्ये जेमतेम सहा महिने चालले. दोन मार्गांच्या गाड्या एकमेकींत मिसळत, एकीला उशीर झाला की दोन्ही मार्ग कोलमडत, म्हणून ते बंद केले. चांबेरी 2008 पासून संग्रहालय आहे, आणि न्यूयॉर्कचे कोर्ट स्ट्रीट 1976 पासून.

बंद फलाट जपून ठेवण्याचे मोल सर्वांत स्पष्ट दिसले ते न्यूयॉर्कच्या साउथ फेरीला. तिथला जुना फलाट इतका वळलेला होता की गाडी थांबल्यावर फट भरायला लोखंडी जाळ्या फलाटातून पुढे सरकत, आणि दहापैकी पहिल्या पाच डब्यांचीच दारे उघडत. 2009 मध्ये नवे, सरळ, पूर्ण लांबीचे स्थानक सुरू झाले. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळात समुद्राचे पाणी या नव्या स्थानकात शिरले आणि खाऱ्या पाण्याने तिथली विजेची यंत्रणा निकामी झाली. जुना फलाट तोडलेला नव्हता. तो साफ करून 4 एप्रिल 2013 ला उघडला, आणि नवे स्थानक जून 2017 मध्ये दुरुस्त होईपर्यंत प्रवासी पुन्हा पहिल्या पाच डब्यांत जाऊन बसत राहिले.

लंडनच्या बँक स्थानकात अलीकडे झाले ते याहून वेगळे. तिथे फलाट अरुंद आणि गर्दी अफाट होती. नॉर्दर्न लाइनच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी शेजारी नवा बोगदा खणला, मे 2022 मध्ये गाड्या तिकडे वळवल्या, आणि जुन्या बोगद्याचा प्रवाशांना चालायचा प्रशस्त मार्ग केला. आता जिथे रूळ होते तिथूनच लोक पायी जातात.