वर्षभराचा संकल्प, दोन सेकंदांचा मेंदू

डिसेंबर संपत आला की ‘21 दिवस सलग करा, सवय लागलीच समजा’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. हा आकडा सवयींवरच्या कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना साधारण किमान 21 दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याबद्दलचं निरीक्षण पळण्यापासून वाचनापर्यंत सगळ्याला चिकटलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. 96 स्वयंसेवकांनी एकेक कृती निवडली, जसं दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, आणि ती 84 दिवस करायची असं ठरलं. कृती आपोआप होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्यक निघाला 66 दिवस. पण पसारा होता 18 ते 254 दिवसांचा! (84 दिवसांपलीकडचे आकडे आलेख पुढे वाढवून काढलेले आहेत.)

इतका वेळ का लागतो? इथून पुढचा भाग मला या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो.

मेंदूच्या खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. सवयी रुजण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तिथल्या चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. शेजारच्या पेशीकडून ग्लुटामेट या रसायनाचा संदेश अशा काट्यावर पोचतो. काटा फुगला की ती जोडणी पक्की होते, आणि हे बळकट होणं म्हणजेच शिकणं. 2014 मध्ये टोकियो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूच्या कापांवर दाखवलं की, संदेशानंतर 0.3 ते 2 सेकंदांच्या आत डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायन आलं तरच ते काट्याची वाढ घडवतं. त्याहून उशिरा आलेल्या डोपामिनचा उपयोग होत नाही.

दोन सेकंद! मग माणूस परीक्षेचा अभ्यास तरी कसा करतो? याचा धागा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडतो. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिन पेशी उसळायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लावला, तर काही काळाने त्या दिव्यालाच उसळू लागायच्या आणि रस मिळाल्यावर शांत असायच्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी त्यांचं काम मंदावायचं. म्हणजे डोपामिन ‘किती मिळालं’ यापेक्षा ‘अपेक्षेपेक्षा किती वेगळं मिळालं’ हे सांगतं. गणितात मांडायचं तर: अंदाजातली चूक = आत्ताचं बक्षीस + पुढच्या क्षणाची अपेक्षा − या क्षणाची अपेक्षा. (पुढच्या अपेक्षेला एकाहून लहान संख्येने गुणतात, म्हणून लांबचं बक्षीस फिकं पडतं.) रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी संगणकाला शिकवण्यासाठी विकसित केलेल्या पद्धतीत हेच सूत्र आहे. या सूत्रानुसार बक्षिसाची खबर एकेक पायरी मागे सरकते आणि प्रत्येक सरकण्याला पुनरावृत्ती लागते.

‘वर्षअखेरीस दहा किलो वजन कमी’ या ध्येयात रोजच्या त्या दोन सेकंदांत पडण्यासारखं काहीच नसतं. कपाळामागचा मेंदू वर्षाचा विचार करू शकतो, पण त्याला दरवेळी जागं राहावं लागतं.

‘डोपामिन डिटॉक्स’ (मोबाइलसारख्या सुखाच्या गोष्टी काही काळ सोडून मेंदू ‘साफ’ करणं) विकणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. डोपामिन हे साचलेलं विष नव्हे. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन्स होतो, साधी हालचालसुद्धा कठीण होते. आणि ‘पाडव्यापासून सुरू करू’ म्हणणाऱ्यांना सांगायचं तर, नव्या आठवड्याच्या किंवा वर्षाच्या सुरुवातीला उत्साह वाढतो हे अभ्यासातही दिसलंय, पण मुहूर्ताने काटे फुगत नाहीत. वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांत पुनरावृत्ती शून्यच राहते.

म्हणून ध्येय रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधावं. पीटर गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रँडस्टेटर या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक निबंध लिहायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. नुसतं ‘लिहीन’ म्हणणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश.

‘यंदा भरपूर वाचेन’ याऐवजी ‘सकाळच्या चहाचा कप विसळून ठेवला की दोन पानं वाचेन’ असं ठरवा. ‘व्यायाम करेन’ याऐवजी ‘ऑफिसातून आल्यावर चपला काढण्याआधी सोसायटीला एक फेरी मारेन’. कप आणि चपला हे इथले दिवे. फेरी एवढी छोटी असावी की थकलेल्या दिवशीही टाळावीशी वाटू नये, कारण सुरुवातीला अंतरापेक्षा पुनरावृत्तीची संख्या महत्त्वाची. लॅली यांच्या प्रयोगात व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींहून जास्त दिवस लागले होते, तेव्हा चालण्याला वाचनाहून अधिक मुदत द्या. आणि एखादा दिवस चुकला म्हणून पुन्हा एकपासून मोजू नका: मधली एक खेप हुकल्याने त्यांच्या स्वयंसेवकांच्या आलेखात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.